डाव्या पायाचा पासंग

तिसऱ्यांदा पडून बाई घरी आल्या, तेव्हा त्यांनी अंगातलं जाकीट काढून कमरेला पुढच्या बाजूने बांधलं होतं. दोन्ही गुडघे त्याखाली झाकलेले. दुखत होतं तरी कोपऱ्यावरूनच त्यांनी चाल सरळ करून घेतली होती. तळमजल्यावरच्या दुकानात त्यांचे यजमान, म्हणजे शिंपीमास्तर, यंत्रावर वाकून कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. यंत्राची खडखड तेवढी थांबली आणि त्यांनी विचारलं, "डावाच ना?"

"हो," म्हणून बाई जिना चढायला लागल्या.

चौथ्या पायरीवर त्या थबकल्या. मास्तरांनी गुडघे पाहिलेच नव्हते. "पडलीस का," असंही विचारलं नव्हतं. एकदम डावा. आणि तोही 'डावा का' नव्हे, 'डावाच ना'. त्या एवढ्याशा 'च'पाशी बाईंचं मन अडकलं. खाली यंत्र पुन्हा खडखडायला लागलं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी त्याच पायरीवर ठरवून टाकलं.

संशय घेणं हा बाईंचा स्वभाव नव्हता, धंदा होता. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती आणि बाजारात त्यांना तराजूबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. दुकानदार जितका गोड बोलेल तितक्या लवकर त्या त्याचं वजन उलटं करून बघत. खालून पोकळ केलेली वजनं, पारड्याखाली चिकटवलेली चुंबकं, सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्यातली सगळ्यात जुनी आणि साधी लबाडी म्हणजे पासंग. तराजूचं एक पारडं हलकं असलं, की दिसणार नाही असा शिशाचा तुकडा त्याला बांधायचा. काटा मधोमध येतो, गिऱ्हाईक काटा बघून समाधानाने घरी जातं, आणि तराजू वाकडा तो वाकडाच राहतो. बाईंनी असे तराजू शेकड्यांनी जप्त केले होते. हाताखालच्या नव्या लोकांना त्या सांगायच्या, आधी फरक शोधा, माणूस मागाहून सापडतो.

निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या धावायला लागल्या. आता चौसष्टावं चालू होतं. बागेभोवतीची फेरी फलकावर दीड किलोमीटरची लिहिली होती. बाईंनी ती स्वतः मोजली आणि सव्वाचीच निघाली. अशा चार फेऱ्या त्या रोज सकाळी मारत. त्या पाऊण तासात त्यांना कुणावर नजर ठेवावी लागत नसे. जन्मभर डोळ्यांत तेल घालून जगलेल्या बाईला हे सुख किती मोठं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. ते हातचं गेलं असतं तर आपण म्हातारे झालो असं त्यांना मानावं लागलं असतं, आणि ते मानायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

पहिल्यांदा पडल्या तेव्हा त्यांनी फुटपाथवर संशय घेतला. जखम धुतली, मास्तरांच्या टेबलावरची फीत उचलली आणि परत जाऊन फरश्या मोजल्या. एक फरशी शेजारणीपेक्षा दोन सूत वर होती. नगरपालिकेला त्यांनी आकृतीसकट तक्रार लिहिली. दुसऱ्यांदा त्या शाळेच्या मैदानावर पडल्या. तिथे फरशीच नव्हती. मग संशय बुटांवर गेला. बूटवाल्याने डाव्या बुटाचं टोक बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "बाई, बुटाला काही झालेलं नाही. तुम्ही पाय घासता. डावा. उजव्याचं टोक बघा, नव्यासारखं आहे."

माल चांगला आणि गिऱ्हाईक वाईट, हे दुकानदाराचं गाणं बाईंना तोंडपाठ होतं. त्यांनी दुसऱ्या दुकानातून दुसरे बूट आणले. तिसऱ्यांदा पडल्या त्या त्याच नव्या बुटांत, बागेतल्या गुळगुळीत वाटेवर, कोरड्या पडलेल्या कारंज्यापाशी. दर वेळी मास्तर फाटलेली विजार मागून घेत आणि गुडघ्याला असं रफू करून देत, की कुठे फाटलं होतं ते बाईंनाही सापडू नये.

जखमेचं त्यांना काही वाटलं नाही. पण दुसऱ्याच सकाळी, कारंजं शंभर पावलांवर असताना, त्यांचा डावा पाय जड झाला. त्या थांबल्या, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि मागे फिरल्या. तिसऱ्या दिवशी दीडशे पावलांवर तसंच झालं. आठवड्याभरात त्या बागेच्या फाटकातून आत जाऊन पहिल्या बाकावर बसायला लागल्या. पाऊण तास बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघायचे, आणि निघताना नळाखाली तोंड आणि सदऱ्याची कॉलर भिजवायची. घरात घामेजून शिरायला हवं ना. दुसऱ्यांच्या लबाड्या पकडण्यात जन्म गेला, पण स्वतःची लबाडी इतकी सोपी जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"झाल्या चार?" मास्तर विचारायचे.

"झाल्या," बाई म्हणायच्या.

असे पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत बाईंनी मास्तरांवर पाळत ठेवली. रिकामा वेळ होताच. मास्तर, त्यांच्या लक्षात आलं, जिना चढताना मुद्दाम मागे राहतात. त्यांची नजर बाईंच्या पावलांवर असते. बाई वळल्या की ते घाईने खिशातला दोरा चाचपतात. जेवायला बसतानाही फीत गळ्यात. आणि हा माणूस चाळीस वर्षांच्या संसारात कधी चुकूनही असं वागला नव्हता.

एका दुपारी मास्तर लेकीशी फोनवर बोलत होते. बाई जिन्यात उभ्या राहिल्या. ऐकू नये असं बोलणं ऐकायचा त्यांना सरकारी सराव होता.

"नाही, तिला तू काही बोलू नकोस," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "पाऊण झालंय आता... हो, वाढतंच आहे... थांबेल गं ती, आपली आपणच थांबेल."

लेक पहिल्या पडण्यापासून "आई, आता पुरे कर" असं म्हणत होती, तिचं ठीक होतं. तिच्या पोटात असतं तेच ओठावर येतं. पण हे पाऊण कसलं? पाऊण तास, पाऊण किलो, की पाऊण कारस्थान? बाईंना रात्रभर डोळा लागला नाही. सहा वर्षं सकाळचा चहा मास्तर एकटेच पितात, हे त्यांना त्या रात्री आठवलं. बायको घरात असावी असं त्यांना वाटत असेल, आणि ते तोंडाने म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

फरक सापडला तो कपडे वाळत घालताना. धावायच्या चार विजारी बाईंनी कमरेकडून चिमटे लावून ओळीने टांगल्या. वारा पडला होता. चारही विजारी सरळ लोंबत होत्या आणि चारहींचा डावा पाय उजव्यापेक्षा वर होता.

बाई खाली जाऊन फीत घेऊन आल्या. सगळ्यात जुनी विजार, पाव इंच. मधल्या दोन, अर्धा. सगळ्यात नवी, पाऊण.

पाऊण झालंय आता.

त्यांनी नव्या विजारीची दुमड उलटून पाहिली. जुन्या टाक्यांची भोकं कापडात तशीच होती आणि नवा दोरा किंचित गडद होता. म्हणजे आधी शिवलेलं उसवून पुन्हा शिवलं होतं. डोळे मिटून सरळ टीप मारणाऱ्या माणसाच्या हातून चार वेळा एकच पाय आखूड होतो, याला चूक कोण म्हणेल? फरश्यांचा राग आला होता, बूटवाल्याचा आला होता. हे मात्र वेगळंच होतं. इथे रागाच्या आधी रडू येत होतं, आणि पुरावा पुरा होईपर्यंत रडायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं.

मास्तर दोरे-बटणं आणायला बाजारात गेले तेव्हा त्यांनी मापवही उघडली. या वहीला मास्तर कुणाला हात लावू देत नसत. गिऱ्हाइकांची नावं त्यात नव्हतीच. 'लांब मिशा', 'बँकेतल्या बाई', 'हळू बोलणारा' अशी माणसं होती आणि प्रत्येकाच्या मापांपुढे बारीक अक्षरांत काहीतरी. 'उ. खां. खा.' चा उलगडा व्हायला बाईंना वेळ लागला नाही: उजवा खांदा खाली. एकाचा हात आखूड, एकीच्या पाठीला बाक, एकाचं पोट दर वर्षी पुढे. सगळ्या वस्तीचा वाकडेपणा त्या वहीत नोंदवलेला होता.

शेवटच्या पानावर 'घरचं' असं लिहिलं होतं. खाली तीन ओळी. 'डा. पाव', तारीख तीन वर्षांपूर्वीची. 'डा. अर्धा', तारीख पहिल्या पडण्याच्या बरोब्बर आठ दिवस आधीची. 'डा. पाऊण', तिसऱ्या पडण्यानंतरची. बाईंनी ती मधली तारीख दोनदा वाचली. पडायच्या आधीच मास्तरांना काहीतरी माहीत होतं.

मास्तर परतले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. काउंटरवर चार विजारी मांडलेल्या, शेजारी फीत, आणि वही शेवटच्या पानावर उघडी. मास्तरांनी ते पाहिलं, खुर्चीत बसले आणि डबीतल्या चार टाचण्या ओठांत धरल्या. ही त्यांची जुनी युक्ती. अडचणीचा विषय निघाला, की त्यांना हटकून टाचण्यांचं काम आठवायचं. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाकडून कुणी उत्तर मागत नाही.

"काढा त्या," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी एकेक टाचणी काढून डबीत टाकली.

"चारहींचा डावा पाय आखूड आहे. चूक आहे का?"

"नाही."

"म्हणजे मुद्दाम."

"मुद्दाम."

"मी पडावं म्हणून?"

मास्तरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा झाला होता, की बाईंना आपलाच प्रश्न परत घ्यावासा वाटला. पण विचारलेला प्रश्न परत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"अगं, तू डावीकडे कलतेस," मास्तर म्हणाले. "पाऊल टाकताना तुझी कंबर त्या बाजूला खाली जाते. तीन वर्षांपूर्वी जिन्यावर दिसलं मला. डावी दुमड जमिनीला घासून झिजायला लागली होती. तेवढी वर घेतली, विजार सरळ पडली. मग अजून कलायला लागलीस, अजून घेतली."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"मी कुणालाच सांगत नाही. खांदा पडलेला माणूस येतो, त्याला आतून पॅड घालतो. तो आरशात सरळ दिसतो, खूश होऊन जातो. आजवर एका गिऱ्हाइकाला त्याचं वाकडं तोंडावर बोलून दाखवलेलं नाही मी."

"मी गिऱ्हाईक आहे?"

मास्तरांचा हात डबीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"ती दुमड झिजली असती तर मला दिसली असती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता निरीक्षकाचा राहिला नव्हता. "एकच बाजू का झिजते, म्हणून मी तेव्हाच शोध घेतला असता. तुम्ही मला पासंग लावलात, मास्तर. काटा मधोमध. मी आपली खूश. फरश्या मोजत फिरले, त्या बूटवाल्याला खोटा ठरवला. तो बिचारा खरं बोलत होता."

"सांगितलं तर डॉक्टर धावणं बंद करतील, आणि नाही सांगितलं तर तू पडशील. मला ठरवता येईना. म्हणून दुमड वर घेत राहिलो."

"आणि 'आपली आपणच थांबेल', ते?"

मास्तरांना ते ऐकलं गेल्याचं माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तसंही वाटलं मला. कबूल आहे. पडलीस की जीव वर येतो. तू बंद केलंस तर बरं, असं वाटायचं. आणि केलंस तेव्हा वाईट वाटलं."

"मी कुठे बंद केलंय?"

"पाच आठवडे झाले."

"कोण म्हणतं?"

"तुझी कॉलर," मास्तर म्हणाले. "घाम वाळला की कापडावर पांढरी रेघ राहते. तुझ्या कॉलरला पाच आठवडे रेघ नाही. नळाचं पाणी आहे ते."

बाई स्टुलावर बसल्या. आजवर किती जणांना त्यांनी असं रंगेहाथ पकडलं होतं, आणि पकडलेला माणूस असा एकदम खाली का बसतो हे त्यांना कधी कळलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं आणि निघून गेलं.

"मला भीती वाटते," शेवटी बाई म्हणाल्या. "कारंज्यापाशी पाय उचलत नाही."

"माहीत आहे."

"तेही माहीत आहे," बाई चिडून म्हणाल्या. "आता उसवा. चारही. दोन्ही पाय सारखे करा."

"डावा घासेल."

"घासू दे. मला ऐकू येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून फिजिओथेरपिस्टकडे गेले. ती लेकीपेक्षाही लहान होती, म्हणून बाईंनी तिच्यावरही जरा संशय घेतला. तिने बाईंना उजव्या पायावर उभं केलं. आरशात डाव्या बाजूची कंबर हळूच खाली गेली, बाईंच्या डोळ्यांदेखत.

"उजव्या कमरेत बळ कमी पडतंय," ती म्हणाली. "उजवी बाजू तोलत नाही, म्हणून डावा पाय खाली येऊन अडकतो."

"म्हणजे गुन्हा उजव्याचा आणि मार डाव्याला," बाई म्हणाल्या. "धावणं बंद का?"

"बंद कशाला? बळ आणा आणि धावा. पडणारच नाही असं मात्र मी सांगणार नाही. ते कुणालाच सांगता येत नाही. पडल्यावर उठायचं कसं ते शिकवते, त्याने निम्मी भीती जाते."

निम्मी हे माप कुणी काढलं, असा प्रश्न बाईंच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

मग दोन महिने दुकानात गादी पसरली गेली. बाई तिच्यावर कुशीवर लोळायच्या, गुडघ्यावर यायच्या, हात टेकून उभ्या राहायच्या. कापडाचे तागे बघत राहायचे. काउंटरला धरून उजव्या पायावर उभं राहणं दिवसातून तीनदा, आणि मास्तर आकडे मोजायचे. ते भराभर मोजतात असं बाईंच्या लक्षात आल्यावर त्यांनी भिंतीवरचं घड्याळ खाली काढून समोर ठेवलं. मापवहीचं शेवटचं पान मास्तरांनी खोडलं नाही. तिथल्या ओळींखाली दर आठवड्याला कमरेच्या कलण्याचं नवं माप यायचं, मास्तर मोठ्याने सांगायचे आणि बाई लिहायच्या. पाऊण. पाऊण. पाऊणला थोडं कमी. तेवढ्यावर त्यांचा लगेच विश्वास बसला नाही. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं.

बागेत पहिल्या दिवशी त्या फाटकापासून बाकापर्यंतच धावल्या. डावी दुमड दर पावलाला बुटामागे घासत होती. खस्स, खस्स. तो आवाज आला की बाई उजवी कंबर घट्ट करून डावा पाय मुद्दाम वर उचलायच्या. आवाज थांबायचा. मन दुसरीकडे गेलं की पुन्हा यायचा. लबाड माणसावर ठेवावी तशी त्यांनी त्या पायावर नजर ठेवली होती. कारंजं यायला अकरा दिवस लागले. तिथे पोचल्यावर त्यांच्या छातीत एवढं धडधडलं, की खस्स ऐकूच आलं नाही, म्हणून त्या चालत पुढे गेल्या. बाराव्या दिवशीही चालल्या. तेराव्या दिवशी कारंजं मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण धावतोच आहोत.

पुन्हा धावायला लागल्यानंतरच्या नवव्या आठवड्यात, तिसऱ्या फेरीत, एक कुत्रं आडवं आलं. बाईंनी वळण घेतलं, डावं टोक अडकलं आणि त्या पडल्या. पडताना त्यांना फार वेळ मिळाल्यासारखं वाटलं. कुशीवर वळल्या, गुडघ्यावर आल्या, हात टेकून उभ्या राहिल्या. दोन जण धावत आले. "आजी, लागलं का?" बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. कुत्रं कुणाचं, साखळी का सोडली, हे विचारायचं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी ते सोडून दिलं आणि उरलेली सगळी फेरी मारली, आणि नंतरची चौथीही.

घरी येताना जाकीट त्यांनी हातावर टाकलं होतं. विजार गुडघ्यावर फाटलेली, त्यातून रक्त दिसत होतं. मास्तर यंत्रावर वाकलेले. त्यांनी मान वर करायच्या आत बाई म्हणाल्या, "पडले. डावाच."

मास्तर उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. बाई काउंटरपाशी गेल्या आणि सदऱ्याची कॉलर पुढे केली.

"तपासा."

मास्तरांनी ती चिमटीत धरली, कापड पारखावं तशी चोळली, अंगठा जिभेला लावून पाहिला.

"खारट आहे," ते म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी गुडघा पाहिला, आधी हलक्या हाताने जखम, मग कापड. "फार नाही फाटलं. धुऊन दे, रफू करतो. कळणारसुद्धा नाही."

"रफू नको," बाई म्हणाल्या. "ठिगळ लावा. दिसेल असं."